विदर्भातल्या गावात राहून कथा-कादंबरी लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका गावात मी राहते. घरी कापूस, तूर आणि सोयाबीनची शेती आहे, आणि मी कथा लिहिते. तालुक्याच्या वाचनालयात, कॉलेजच्या शिबिरात, कधी लग्नाच्या मांडवात जेवताना लिहिणारी पोरंपोरी येऊन बसतात आणि विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न मलाही अजून सोडत नाहीत.

ताई, हंगाम लागला की जेवायला फुरसत नसते. लिहायचं कधी?

रोज सकाळी ठरलेल्या वेळी दोन तास लिहा, हा सल्ला ज्याचं वर्ष सारखं चालतं त्याला जमतो. आपलं वर्ष सारखं चालत नाही. जूनमध्ये मृगाचा पाऊस झाला की पेरणी, मग डवरण, निंदण, खत, फवारणी, यात पोळा कधी येतो ते कळत नाही. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी. दिवाळीपासून कापसाची वेचणी, ती फेब्रुवारीपर्यंत पुरते. मधेच तूर, मग हरभरा. एप्रिल-मे मोकळे, पण तेव्हा लग्नसराई आणि 45 अंशांचं ऊन.

त्यामुळे मी कामाचेच दोन भाग केले आहेत. हंगामात फक्त टिपायचं, उन्हाळ्यात लिहायचं. टिपायला वेळ लागत नाही. वेचणीच्या ओळीत कुणी बोललेलं एखादं वाक्य, तहसीलच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यानं कागद कसे घडी घालून पिशवीत ठेवले, थ्रेशर बंद पडल्यावर कोण कोणावर ओरडलं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. दोन ओळी पुरतात. ‘आज फार वाईट वाटलं’ असं लिहू नका. सहा महिन्यांनी ते वाचून काहीच आठवत नाही. काय दिसलं आणि कोण काय बोललं ते लिहा.

एप्रिल लागला की पहाटे चारला उठायचं आणि ऊन चढेपर्यंत लिहायचं. दुपारी कूलरसमोर डोकं चालत नाही, तेव्हा लिहिलेलं वाचून खोडाखोड करायची. कथेचा पहिला खर्डा आठ-दहा पहाटांत होतो. कादंबरीला दोन-तीन उन्हाळे द्यावे लागतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. मधल्या हंगामात कादंबरी डोक्यात राहते आणि पात्रं आपोआप मोठी होतात.

भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या धानवाल्यांचं गणित वेगळं. तिकडे रोवणी आटोपल्यावर कापणीपर्यंत मधे थोडा काळ मिळतो, आणि कापणीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम. तिकडच्या लिहिणाऱ्यांना मी सांगते, त्या रात्री वाया जाऊ देऊ नका. वडसा भागातून निघालेली मंडळी एका रात्री एका गावात रात्रभर नाटक करतात. प्रेक्षक कुठे उठून जातो आणि कुठे रडतो, ते मांडवात बसून पाहायला मिळतं. संवाद लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

घरात एकटं बसायला जागाच नाही.

आमच्याकडेही नव्हती. समाजमंदिर, शाळेची सुटीतली ओसरी, वावरातली खोपडी, वाचनालय, जिथे जमेल तिथे बसा. रात्रपाळीची वीज असली आणि हरभऱ्याला पाणी द्यायला जाणं तुमच्याकडे असलं, तर वही सोबत न्या. बॅटरीच्या उजेडात माझ्या ओळखीच्या एकानं चांगल्या कथा लिहिल्या आहेत. साप-विंचवाकडे मात्र लक्ष ठेवा, बूट घालूनच बसा.

वऱ्हाडीत लिहू की प्रमाण मराठीत?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी भीती असते. पुण्या-मुंबईचा संपादक हसेल, ही ती भीती.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. मराठी गद्याचा आरंभीचा मोठा ग्रंथ, लीळाचरित्र, तेराव्या शतकात आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात आकाराला आला. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसांकडे जाऊन, विचारून, गोळा केल्या. त्याच महानुभाव परंपरेतल्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात एक प्रसंग आहे. केशवराज सूरी संस्कृतात लिहू पाहतात तेव्हा चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य त्यांना थांबवतात, कारण संस्कृत न कळणाऱ्या पंथातल्या म्हाताऱ्या त्यानं वंचित होतील. ज्या म्हाताऱ्यांसाठी तो आग्रह धरला गेला त्या आपल्याच मुलखातल्या होत्या. आज मराठी भाषा विद्यापीठ त्याच रिद्धपुरात आहे. आपली बोली लिहिताना चोरट्यासारखं वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आता व्यवहार. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही वाट उद्धव शेळके यांच्या ‘धग’नं 1960 मध्ये किती लांबवर नेता येते ते दाखवलं. पूर्ण कथा बोलीतही लिहिता येते, विशेषतः पात्र स्वतःच सांगत असेल तेव्हा. निवड तुमची, पण एकदा ठरवलं की पाळा. निवेदन पहिल्या पानावर प्रमाण आणि चौथ्या पानावर वऱ्हाडी, असं झालं तर वाचकाला ते लेखकाचं दुर्लक्ष वाटतं.

संवादात काय करायचं ते एका तुकड्यावर सांगते:

‘काहून वो माय, आज येचाले नाही आली?’
‘लेकराले ताप हाय. रातभर कन्हत होतं.’
‘मंग गोयी देल्ली का?’
‘आशाताईनं देल्ली, पन उतरला नाही.’

यात एकही शब्द दाखवायला म्हणून आणलेला नाही. चार ओळींत दोघींचं नातं कळतं, मजुरी बुडाली हे कळतं, गावात डॉक्टर नाही हेही कळतं. कंसात अर्थ देण्याची गरज नाही. ‘गोयी’ म्हणजे काय हे सांगलीच्या वाचकाला तापावरून समजतं. समजत नसेल तर आजूबाजूचं वाक्य दुरुस्त करा, तळटीप देऊ नका.

दुसरं, विदर्भाची बोली एक नाही. अकोल्याकडे काळ्याचा ‘काया’ होतो, झाडीपट्टीत त्याचा ‘कारा’ होतो. गोंदियाच्या पात्राच्या तोंडी बुलडाण्याची भाषा घातली तर तिकडचा वाचक पुस्तक मिटतो. आणि एकच माणूस दिवसभर एका भाषेत बोलत नाही. आमच्या भागातला तांड्यावरचा बंजारा मुलगा घरी गोरमाटी बोलतो, वावरात वऱ्हाडी, कृषी केंद्रात हिंदी-मराठी मिसळून, आणि शाळेत सरांपुढे उभा राहिला की पुस्तकी. पांढरकवडा-केळापूरकडे यात कोलामी आणि गोंडी येते, सिरोंच्याकडे तेलुगू. पात्र भाषा कुठे बदलतं ते नीट ऐका. आईशी बोलताना मोकळा असलेला पोरगा तहसीलदारापुढे ‘मला’ म्हणायला लागतो तेव्हा त्याच्या मनात काय चाललंय हे तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

जी भाषा तुम्ही घरात बोलत नाही, ती लिहिताना त्या घरातल्या माणसाला वाचून दाखवा. त्यानं दुरुस्ती सांगितली तर निमूट करा.

माझं व्याकरण कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकतात.

चुकू द्या. कथा पूर्ण करा, मग गावातल्या मराठीच्या शिक्षकांना दाखवा. शुद्धलेखन दुसऱ्याला दुरुस्त करता येतं, कथा नाही.

गावातल्या माणसांवर लिहिलं की ती ओळखतात आणि रागावतात. काय करावं?

शहरातला लेखक ज्याच्यावर लिहितो तो त्याला पुन्हा भेटेलच असं नाही. आपल्याला तो दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर भेटतो. त्याच्या पोरीच्या लग्नात आपण पंगतीला असतो. मला वाटतं, गावात राहून लिहिणाऱ्याची सगळ्यांत अवघड परीक्षा हीच आहे. वेळ, जागा, पैसा या अडचणी तिच्यापुढे लहान.

नाव बदलून भागत नाही. गावाला माणूस नावानं ओळखू येत नाही. कोणाच्या दाराशी कडुनिंब आहे, कोणाच्या जोडीत एक बैल बांडा आहे, कोण बोलताना वाक्याच्या शेवटी ‘समजलं का’ म्हणतो, यावरून ओळखू येतो. म्हणून मी पात्र रचताना प्रसंग एकाचा, स्वभाव दुसऱ्याचा आणि घर तिसऱ्याचं घेते. गाव बदलते, कुटुंबातलं नातं बदलते: दोन भावांचं भांडण असेल तर ते सासरा-जावयाचं करून पाहते. पुष्कळदा असं करताना कथा मूळ घटनेपासून सुटते आणि तिला स्वतःचं काहीतरी सापडतं. घडलं तसंच्या तसं लिहिण्याचा हट्ट नवीन लेखकाला फार असतो. ‘पण हे खरंच असंच झालं होतं’ हे वाक्य कथेची बाजू मांडायला उपयोगी नाही.

काही गोष्टी मात्र बदलून लपत नाहीत. कोणाच्या घरातला मृत्यू, पोरीचं पळून जाणं, जातीवरून झालेला अपमान. तिथे मी विचारते. एकदा वेचणीत एका मावशीनं मला तिची हकिगत सांगितली होती. लिहायच्या आधी मी तिच्याकडे गेले. ती म्हणाली, सगळं लिह, पण माझ्या भावानं काय केलं ते नको, माहेर तुटंल माझं. कथेचा सगळा ताण त्या भावावर होता. तो काढला. कथा बदलली, वेगळ्याच माणसाची झाली, आणि मावशी अजून माझ्याशी बोलते. दोन्ही मला महत्त्वाचं वाटतं.

दुबळ्या माणसाबद्दल जास्त जपा आणि बलवानाबद्दल कमी घाबरा, असा माझा कल आहे. सरपंच, सावकार, संस्थेचे अध्यक्ष यांच्यावर लिहायलाच हवं. पण ओळखू येईल असा माणूस उभा करून त्याच्या नावावर न घडलेला गुन्हा टाकाल तर ती बदनामी ठरू शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामी हा गुन्हा आहे. ‘ही काल्पनिक कथा आहे’ अशी ओळ छापली म्हणजे सुटलो, असं समजू नका.

विदर्भातला लेखक म्हणजे आत्महत्येवरच लिहायला हवं का? अंकवाले तेच मागतात.

नाही. आमच्याकडे लग्नं होतात, भानगडी होतात, पोरं स्पर्धा परीक्षेसाठी अमरावतीला खोली करून राहतात, म्हाताऱ्या टीव्ही मालिकेवरून भांडतात, वाघाच्या बातमीनं गुराखी बकऱ्या लवकर परत आणतात. यातल्या कशावरही कथा होते. कोणी फक्त एकच दुःख मागत असेल तर त्याला दुसरी कथा पाठवा.

पण कुणाला त्याच विषयावर लिहायचं असेल तर मी अडवणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याच्या कुटुंबाची 19 मार्च 1986 ची सामूहिक आत्महत्या विसरावी असं मला कधीच वाटलं नाही. फक्त अशा बहुतेक कथा माणूस गेला की संपतात. खरं तर तिथून पुढे एका बाईचं आयुष्य सुरू होतं. फेरफार, सातबाऱ्यावर नाव लावताना दिराचं वागणं. सरकारी मदत 1 लाखाची, पण आधी प्रकरण ‘पात्र’ ठरायला हवं: कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं की नातेवाइकाचं, वसुलीचा तगादा होता का, याचे कागद. प्रकरण ‘अपात्र’ ठरलं तर तिच्या नवऱ्याचं मरण कागदावर वेगळ्याच कारणानं होतं. मग पुढच्या जूनला बियाणं उधार कोण देणार, पोराला शाळेतून काढायचं का, कुंकवाचं काय, हळदीकुंकवाला बोलावणं येतं का. ती बाई पुढच्या वर्षी वावर स्वतः करते आणि कधीतरी हसतेही. तिला हसू द्या. तिला भाजीत मीठ जास्त पडल्यावर पोरीवर ओरडू द्या. वाचकाला ती माणूस वाटली पाहिजे.

आणि मृत्यूची रीत वर्णन करू नका. काय प्यायलं, कुठे, कसं, याची कथेला गरज नसते आणि वाचणाऱ्यांत कुणी त्याच काठावर उभा असू शकतो.

असं लिहिताना मलाच झोप लागत नाही.

होतं असं. विशेषतः आपल्याच घरातली जखम उघडून लिहिताना. त्या दिवसांत लेखन थांबवायला हरकत नाही, कथा कुठे जात नाही. माणसांत बसा, हातानं काम करा, दुसरं काही लिहा. तरीही मन सावरत नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येतं. लेखकानं दुःखी असलंच पाहिजे हा समज कुणी पसरवला माहीत नाही, पण त्यानं चांगल्या लिहिणाऱ्यांचं नुकसान केलं आहे.

कथा सुरू कुठून करू?

ग्रामीण कथांचा ढीग वाचायला घेतला की निम्म्या कथांत सूर्य मावळतीला गेलेला असतो आणि गुरं धूळ उडवत परतत असतात. हे दृश्य सुंदर आहे, पण त्यात कुणालाच काही हवं नसतं. जिथे एखाद्या माणसाला आज, आत्ता काहीतरी हवं आहे तिथून सुरू करा.

समजा, असं: ‘बँक दोन वाजता जेवणाला बंद होणार होती. त्याआधी सुमनला तलाठ्याची सही हवी होती, आणि तलाठी आज दुसऱ्या साझ्यात होता.’ आता वाचक सुमनच्या मागे निघतो. तिचं गाव, उन्हाचा ताव, शेअर ऑटोतली गर्दी, नवऱ्याबद्दलची तिची चीड, सगळं त्या रस्त्यात सांगता येतं.

किंवा पोळ्याच्या संध्याकाळी बैलांची पूजा चालू आहे आणि घरधन्यानं जोडी पुढच्या बाजारात विकायचं ठरवलेलं आहे. घरात हे फक्त त्यालाच ठाऊक. पुरणपोळीचा घास बैलापुढे धरताना त्याची बायको जे बोलेल ते प्रत्येक वाक्य त्याला टोचणार. तुम्हाला ‘तो व्यथित झाला’ असं लिहावं लागणार नाही.

कथा मधेच अडते. पुढे काय होणार तेच सुचत नाही.

बहुतेक वेळा अडचण मागे असते. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर पात्रानं एखादी गोष्ट केवळ लेखकाला सोयीची म्हणून केलेली असते. ते ठिकाण शोधा आणि तिथे त्या माणसानं खरंच काय केलं असतं ते लिहा. मला आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. अडलेला प्रसंग कागद बाजूला ठेवून, कुणाला सांगावा तसा तोंडी सांगते, शक्यतो वाचनाशी संबंध नसलेल्या माणसाला. ऐकणारा जिथे ‘मंग?’ म्हणत नाही, तिथे कथा मेलेली असते.

जुन्या काळातली कथा लिहायची आहे. तपशील किती पाहावा?

खूप. आणि हा भाग मला मनापासून आवडतो, म्हणून इथे रेंगाळते.

आपल्या भागात पिकं बदलली की सगळं बदलतं. 1980 सालच्या वावरात सोयाबीन उभं करू नका, तेव्हा ज्वारी होती. त्यामुळे गोठ्यात कडबा असेल, सोयाबीनचं कुटार नाही. जेवणात रोज पोळी नाही, भाकर असेल. ज्वारीवर पाखरं येतात म्हणून राखणीला लहान पोर असेल, हातात गोफण. नव्वदच्या दशकात सोयाबीन पसरलं तसं ते राखणदार पोर कथेतून जातं.

कापसाचंही तसंच. 1972 साली एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा ही पद्धत, सुरू झाली. तेव्हापासून पुढच्या बऱ्याच वर्षांच्या कथेत कापूस पणन महासंघाच्या केंद्रावर जाणार: बैलगाड्यांची रांग, रात्रभर गाडीखाली झोपणं, ग्रेडरच्या तोंडाकडे पाहत उभं राहणं, आणि चुकाऱ्याची वाट. बीटी कपाशीला परवानगी 2002 मध्ये मिळाली, त्याआधीच्या कथेत बीटीची पाकिटं नकोत. नोव्हेंबर 2016 ची कथा वेचणीच्या ऐन भरात घडत असेल तर 8 तारखेच्या नोटाबंदीनंतर मजुरी कोणत्या नोटांत दिली हा प्रश्न प्रत्येक घरात होता. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक माणसं गेली आणि त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. त्या वर्षीच्या कथेत पंप पाठीवर घेणारा माणूस असेल तर त्याच्या बायकोच्या मनात ही भीती असणारच.

प्रवासही पाहा. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला नॅरोगेज गाडी ज्या काळात धावत होती त्या काळातली बाळंतपणाला निघालेली बाई एसटीऐवजी तिच्यात बसू शकते. त्या गाडीच्या वेगात दोन बायकांचं आयुष्यभराचं बोलणं मावतं.

हे सगळं शोधायला विद्यापीठात जावं लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, पण ‘तेव्हा कसं होतं?’ असं मोघम विचारू नका. ‘कापसाचे पैसे हातात आले तेव्हा पहिल्यांदा काय घेतलं?’ असं विचारा, ती तासभर बोलतील. जुने सातबारे, सोसायटीची पासबुकं, लग्नपत्रिका, भांड्यांवर घातलेली नावं, सगळं बोलतं. मग गोळा केलेल्यातलं बरंचसं कथेच्या बाहेर ठेवा. पात्राच्या हाताला जे लागतं तेवढंच आत येऊ द्या.

मी घरची सून आहे. लिहिते हे कळलं तर ‘आमच्या घरचं बाहेर काढते’ म्हणतील.

म्हणतील. मलाही ऐकावं लागलं. यावर माझ्याकडे रामबाण उपाय नाही, पण ज्यानं थोडं सोपं गेलं ते सांगते.

पहिली कथा सासरच्या घरावर लिहू नका. बालपणाची लिहा, शाळेची लिहा, पूर्ण बनवलेली लिहा. ती घरात वाचून दाखवा. श्रावणात शुक्रवारची कहाणी वाचायला आपण बसतो तेव्हा सगळ्या बाया ऐकतात, तशाच बसवा. माझ्या सासूबाईंनी पहिली कथा ऐकून एवढंच म्हटलं होतं की त्यातली म्हातारी इतकी मऊ बोलणार नाही. मी ते दुरुस्त केलं, आणि त्यानंतर त्या माझ्या कथांच्या पहिल्या ऐकणाऱ्या झाल्या. प्रत्येक घरात असं होईलच असं मी म्हणणार नाही. जिथे वहीच चुलीत जाण्याची भीती आहे तिथे वही माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा, फोनला पासवर्ड लावा, टोपणनावानं छापा. टोपणनावानं छापलेल्या मजकुराचा हक्कही तुमचाच असतो, करारावर मात्र खरं नाव असू द्या.

आणि एखादी तरी लिहिणारी सोबतीण शोधा. दुसऱ्या गावची चालेल, फोनवर चालेल.

वाचायला पुस्तकं कुठे मिळतात?

महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याप्रमाणे अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत आहेत. गावचं बहुधा ड वर्गाचं असतं, तिथे नवं कमी मिळतं. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या, वर्गणी फार नसते. बाजाराच्या दिवशी पुस्तक बदला. कथासंग्रह वाचताना आवडलेली एक कथा हातानं उतरवून काढा. वाक्य कुठे थांबतं, हे हाताला कळतं.

घरचे म्हणतात, लिहून काय भेटते?

खरं उत्तर द्यावं लागेल: फार थोडं. मराठीत नव्या लेखकाच्या पुस्तकाची आवृत्ती साधारण 500 ते 1000 प्रतींची निघते. 250 रुपये किंमत, 10 टक्के मानधन आणि हजारच्या हजार प्रती खपल्या असं धरलं तरी 25,000 रुपये होतात, तेही काही वर्षांत. दिवाळी अंकांपैकी काही मानधन देतात, काही फक्त अंक पाठवतात. म्हणून शेती, नोकरी, शिकवणी, जे आहे ते सोडू नका. कादंबरीच्या भरवशावर कर्ज काढू नका. घरच्यांना हे आकडे आधीच सांगून टाका, म्हणजे तोच प्रश्न दरवर्षी निघत नाही.

प्रकाशक म्हणतो, पैसे द्या, पुस्तक काढतो.

पैसे देऊन पुस्तक छापणं बेकायदा नाही, पण किती प्रती, कुठे विकणार, उरलेल्या कोणाच्या, हे लेखी घ्या. प्रती तुमच्याच घरी खोक्यात येऊन पडणार असतील तर त्याला प्रकाशन म्हणू नका. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा. ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे. नागपूरचा विदर्भ साहित्य संघ 1923 पासून काम करतो, त्याच्या जवळच्या शाखेत चौकशी करा. आयएसबीएन क्रमांक सरकारी पोर्टलवर फुकट मिळतो, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

करार वाचल्याशिवाय सही करू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 लेखकाच्या बाजूचं आहे. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन प्रकाशकानं वर्षभर काहीच केलं नाही, आणि करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर तो हक्क सुटतो. ‘सर्व हक्क कायमचे’ ही ओळ दिसली की थांबा. सिनेमा, वेबमालिका, अनुवाद आणि ऑडिओचे हक्क वेगळे ठेवा.

माझी कथा कुणी चोरली तर?

कथा लिहिली त्या क्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीनंतरही 60 वर्षं तो टिकतो. पण कल्पनेवर हक्क नसतो, ती मांडण्यावर असतो. बैल विकण्याची कथा दुसराही लिहू शकतो. कथा स्वतःलाच ईमेल करून ठेवा, तारखेचा पुरावा राहतो.

दोनदा कथा पाठवली, उत्तरच आलं नाही.

अंक काढणारी माणसं थोडी आणि कथांचा ढीग मोठा, बहुतेकदा कारण एवढंच असतं. तीन महिने थांबा, एकदा नम्र ओळ लिहा, मग दुसरीकडे पाठवा. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नका. वाट पाहत असताना पुढची कथा चालू ठेवा, नाहीतर त्या नकाराला डोक्यात नको तेवढी जागा मिळते.

मोबाइलवर लिहिलेलं चालतं का? दिवाळी अंकाला कधी पाठवायचं?

चालतं. युनिकोडमध्ये टाइप करा. बोलून टाइप करण्याची सोय प्रमाण भाषेला बरी आहे, वऱ्हाडी संवाद मात्र ती स्वतःच ‘सुधारून’ टाकते, ते हातानंच लिहा. फाइल ईमेलवर आणि मेमरी कार्डात, दोन्हीकडे ठेवा. काही छापखाने अजून जुन्या फाँटवर काम करतात आणि युनिकोडमधून बदलताना जोडाक्षरं मोडतात, म्हणून छापण्याआधीची प्रत मागून बोलीतला शब्दन्‌शब्द तपासा. संपादकानं ‘गोयी’चं ‘गोळी’ केलं असेल तर फोन करून परत करून घ्या, बहुतेक जण ऐकतात.

दिवाळी अंकांची परंपरा 1909 च्या ‘मनोरंजन’पासूनची, पण अंकाचं काम दिवाळीच्या बरंच आधी सुरू होतं. जून-जुलैपर्यंत कथा पोचली पाहिजे. म्हणजे उन्हाळ्यात लिहिलेली कथा पेरणीच्या आधीच पाठवून टाकायची. सोबत दोन ओळींचा परिचय, गाव-तालुका-जिल्हा, शब्दसंख्या आणि चालू असलेला फोन नंबर द्या. वावरात रेंज नसेल तर घरातला दुसरा नंबरही द्या.